शिंका आणि दम

मुझम्मिल भावा, सलाम.

मी बरी आहे, घाबरू नकोस. मंगळवारी ऑफिसात माझा दम कोंडला. शेजारच्या टेबलावरच्या फिझाने हॉस्पिटलात नेलं. मला भीतीसुद्धा वाटली नाही, नुसती छताकडे बघत पडले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी शिंका येतात का? कधीपासून?"

"लहानपणापासून. सर्दीच ती."

"सर्दी नाही, ॲलर्जी. नाक आणि छाती एकाच वाटेवर आहेत, तीच छातीत उतरली की दम लागतो."

आता नाकात स्प्रे आणि छातीसाठी पंप, दोन्ही रोज.

अब्बाही असेच शिंकायचे. शेवटी दम लागूनच गेले, तेव्हा आपण वय झालं म्हणालो. हे लिहितानाही मला रडू येत नाही.

तुझ्या शिंका चालूच आहेत ना? फोनवर हसून टाळतोस, म्हणून पत्र. या आठवड्यात रत्नागिरीला जाऊन छाती तपासून घे.

अब्बांचं अम्मीला सांगू नकोस.

तुझी आपा,
कुलसुम
अल बर्शा, दुबई