सातव्या रुग्णाची रेघ

मी, खाली सही केलेली, अठरा पूर्ण होऊन दोन महिने झालेली, नववीत शाळा सोडलेली, टेलरकडे काज-बटणाचं काम करणारी. डोकं ठिकाणावर आहे. गाठी कानांच्या नसांवर आहेत, विचारांवर नाहीत, असं डॉक्टर मॅडम म्हणतात. हे मी आपणहून लिहितेय, कोणी बसवून लिहून घेतलेलं नाही. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. त्यातून उठले नाही तर खाली लिहिल्याप्रमाणे करावं.

१. शिलाई मशीन आईचं. पायडल जड जातं, तेल घालावं.

२. मोठी कात्री टेलर मास्तरांना. ती त्यांचीच आहे. धार लावायला घरी आणली आणि इतके दिवस झाले की परत द्यायची लाज वाटायला लागली.

३. मोबाइल, कपडे आणि खिडकीकडची झोपायची जागा धाकट्या बहिणीला. जागा तिने आधीच बळकावलीय.

४. शाळेतल्या गणिताच्या सरांना काही नाही. त्यांनी मला तीन हाका मारल्या होत्या म्हणे. मग जवळ येऊन म्हणाले, "भिंतीशी बोलतोय का मी?" वर्ग हसला. कान जातायत हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. इथे राग लिहायचा होता, पण शोधला तर सापडला नाही.

५. माझे दोन्ही कान, आतल्या हाडासकट आणि नसांसकट, मॅडमना अभ्यासाला द्यावेत. आईने नाही म्हणू नये.

६. मॅडमनी अशाच गाठी असलेल्या सात जणांना नवीन इंजेक्शन दिलं आणि त्यावर लेख छापला. चौथ्या पानावर कोणाला किती ऐकू येतं त्याचा आलेख आहे. सहा रेघा खाली जातात, सातवी वर चढते. मॅडमनी त्यावर बोट ठेवून मला दाखवलं, "ही तू!" ती रेघ खोटी आहे.

तपासणीत बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे मशीनवाले काका असतात. आवाज सोडताना त्यांचा डावा खांदा जरासा उचलला जातो. मला आवाज येत नव्हता, खांदा दिसत होता. मी बटण दाबलं. एकदाच करणार होते. पण काका दार उघडून म्हणाले, "शाब्बास गं पोरी, सुधारणा आहे!" आणि बाहेर बाकावर आई आनंदाने रडली. मग कुठल्या तोंडाने सांगणार? पुढे पाच तपासण्यांत तेच केलं. घरी सगळ्यांचे ओठ वाचते, म्हणून कोणाला कळलं नाही. फोटोत गाठ वाढलेली दिसली, तरी "ऐकू येतंय ना, मग ऑपरेशनला थांबू" असं ठरलं. त्यात वर्ष गेलं.

धाकटीलाही हाच आजार आहे. ती तेरा वर्षांची आहे. तिची गाठ अजून बारीक आहे, आत्ता काढली तर कान वाचेल असं ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणत होते. आई म्हणाली, "तायडीला लागू पडलं ना? मग हिलाही इंजेक्शनच द्या, डोकं नका उघडू." मॅडमनी माझी रेघ बघून होकार दिला. सोमवारी तिचं पहिलं इंजेक्शन आहे.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे आजच उघडावं. धाकटीचं इंजेक्शन थांबवून ऑपरेशनचा विचार करावा. लेखातली माझी रेघ चुकीची आहे असं मॅडमनी छापावं, नाहीतर आणखी कोणाला तरी असंच थांबवून ठेवतील. मी सांगायला दोनदा गेले होते. दोन्ही वेळा दारातूनच परत आले.

साक्षीच्या सहीसाठी हे काकांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसले. कागदावर लिहिलं, "माझ्या खांद्यामुळे?" मी खाली लिहिलं, "माझ्यामुळे." मग त्यांनी काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि मला आत बसायची खूण केली. मी वीस मिनिटं हेडफोन लावून बसले. बटण एकदाही दाबलं नाही.

सोबत: आजचा आलेख, पान एक.

काका हे घेऊन मॅडमकडे निघालेत. मीही जातेय.

लिहिणारी: (सही) लेखातली रुग्ण क्रमांक सात

साक्षीदार: (सही) मशीनवाले काका
साक्षीदार: (सही) वॉर्डातल्या सिस्टर

ठिकाण: हॉस्पिटल, तिसरा मजला, कान तपासायची खोली
शुक्रवार, तारीख नऊ, दुपारी सव्वाबारा