अंधारी आणि लिंबाचं सरबत

फणसवाडी, गिरगाव
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय हितूदादा,

साष्टांग नमस्कार. तू आणि प्रितीवहिनी शीवला तिच्या माहेरी मजेत असाल, असं लिहायची पद्धत आहे, पण मजेत नसणार हे मला माहीत आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलास, मेसेज उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. वहिनी उद्या पप्पांना भेटायला येणार आहे, तिच्या हाती देते. फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग फाड.

मी दादरचं घर बंद करून इथेच राहायला आले आहे. पप्पांना एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. चहा ओततात तो अर्धा कपात आणि अर्धा टेबलावर. मी किटली घ्यायला गेले की ओरडतात. परवा कोळंबीचं भानोलं करायचा हट्ट धरला, सुरीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी दोघांनी वरणभात खाल्ला. मला हे सगळं तुझ्यासारखं जमत नाही. चिडचिड होते, मग त्या चिडचिडीची लाज वाटते आणि आणखी चिडचिड होते.

आता मुद्द्याचं. त्यांच्या मानेतली उजवी धमनी ऐंशी टक्के बुजली आहे. तिथलाच एक कण सुटून डोळ्याच्या धमनीत अडकला. पुढचा सुटला तर मेंदूत जाऊ शकतो. ऑपरेशन दोन आठवड्यांत व्हायला हवं होतं, डोळा जाऊन आज सतरा दिवस झाले. शनिवारची तारीख कशीबशी मिळाली आहे आणि पप्पा सही करत नाहीत. "हितू आला की करतो," एवढंच. मी म्हटलं, "पप्पा, अहो, मी याच विषयात डॉक्टरेट केली आहे." तर म्हणाले, "केली असशील. हितूला आण."

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. वॉर्डाबाहेर, शेजारच्या गणपतकाकांच्या देखत मी तुझ्यावर ओरडले, "चार तास होते तुझ्या हातात, आणि तू त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलंस?" तू नुसता पिशवी उचलून निघून गेलास.

ते चार तास मी कुठून आणले, ते सांगते. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी एकमेकींशी ग्लुटामेट नावाच्या रसायनाने बोलतात. रक्त थांबलं की ऑक्सिजन आणि साखर थांबते, काही मिनिटांत पेशीची ऊर्जा संपते आणि आतलं मीठ बाहेर फेकणारे तिचे पंप बंद पडतात. पेशी फुगते. तिच्यातलं ग्लुटामेट बाहेर सांडतं आणि ते उचलून घेणारं कोणी उरत नाही. ते साचतं, शेजारच्या पेशीला बडवत राहतं, तिची दारं उघडीच राहतात आणि कॅल्शियम आत घुसतं. त्या कॅल्शियमने पेशीतली एन्झाइम्स पिसाळतात आणि तिचीच प्रथिनं तोडून टाकतात. रक्त परत आलं तरी सुटका नाही, कारण एकदम आलेल्या ऑक्सिजनमधून असे रेणू तयार होतात की उरलंसुरलं तेही जाळतात. दीड तासाच्या आत रक्त सुरू झालं तर बरंच वाचतं. चार तासांनंतर जवळजवळ काही नाही. परळच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं हेच करते आहे. उंदराला भूल द्यायची, सलाईनची बाटली उंच टांगून डोळ्यातला दाब वाढवायचा, रक्त थांबलं की टायमर लावायचा.

दादा, पप्पांना दिसायचं थांबलं साडेनऊला, कोळंबी सोलताना. "रविवारी कशाला कुणाला त्रास" म्हणून ते गप्प बसले आणि तुला सांगितलं एक वाजता, जेवताना. म्हणजे साडेतीन तास आधीच गेले होते. तुझ्या हातात काही नव्हतं. हे मला ओरडतानाच माहीत होतं, कारण केसपेपरवर ती वेळ मीच लिहिली होती.

मग ओरडले का? कुणीतरी दोषी हवं होतं, आणि ते मी सोडून कुणीही चाललं असतं.

ऑक्टोबरच्या सात तारखेला पप्पांचा मला फोन आला होता. म्हणाले, "बाळ, मघाशी पाच मिनिटं अंधारी आली गं." आता अंधारी म्हटलं की आपण काय समजतो? चक्कर. उपास, ऊन, नाहीतर साखर उतरली. मी म्हटलं, "लिंबाचं सरबत घ्या आणि पडून राहा." धमनीतून कण सुटायला लागले की आधी अशीच सूचना मिळते, पाच-दहा मिनिटं एक डोळा जातो आणि परत येतो. तेव्हाच मान तपासली असती तर बहुधा डोळा वाचला असता. पण ते अंधारी म्हणाले, मी चक्कर समजले, शब्दाचा घोटाळा झाला.

इथवर लिहून मी उठले, दोनदा चहा केला आणि परत बसले. कारण हे खोटं आहे.

घोटाळा झाला नव्हता. पप्पा पुढे म्हणाले होते, "पण एकाच डोळ्यापुढे गं, उजव्या." मी ऐकलं. फोन स्पीकरवर होता, हातात मोजे होते, समोर उंदीर होता आणि टायमरवर अकरा मिनिटं उरली होती. मी म्हटलं, "पप्पा, माझा टायमर चालू आहे, नंतर करते." केला नाही. त्या दिवशी विसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा म्हटलं, काही असतं तर त्यांनीच परत केला असता. पप्पांनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. तू बोलणी खात होतास तेव्हा ते आत कॉटवर होते, सगळं ऐकत होते, तरीही नाही सांगितलं.

आत्ता त्यांनी विचारलं, "काय लिहितेस एवढं?" मी सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "एकाच डोळ्याचं ते वाक्य खोड. त्याला कशाला कळायला हवं? तो तसाही येईल."

तू तसाही येशील हे मलाही माहीत आहे. म्हणूनच मी ते खोडलेलं नाही. शनिवारी सकाळी सातला त्यांना आत घेणार आहेत. ये, आणि ते वाचून ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

ते वाक्य ऐकूनही फोन ठेवणारी
तुझी बहीण,
अवनी