तेहेतीस इंचांना एक सूत कमी

घरून, सोमवार

आदरणीय वन्सं, सिस्टर ल्युडमिला यांना,

अल्बिनाचा गुडघे टेकून नमस्कार. तुमचा दमा आता कसा आहे? मठाच्या आवारातल्या सफरचंदांचा मोहर या वेळीही थंडीनं मारला, असं फादर व्होंद्रांनी सांगितलं. वाईट वाटलं. नव्या मदर सुपीरियर रात्री शेगडी पेटवू देतात की अजूनही सगळी ऊब प्रार्थनेतूनच काढायची? आमच्याकडे देवाच्या दयेनं सगळी माणसं श्वास घेत आहेत. याहून जास्त सुखरूपपणा आज लिहवत नाही. (कागद बियाण्यांच्या जाहिरातींचे पाठकोरे आहेत, त्याबद्दल क्षमा असावी. मागचं मक्याचं कणीस पत्राचा भाग नाही.)

मठात टीव्ही नाही, म्हणून आपला लुमिर कॉलेजात काय करतो ते आधी सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये हातानं चेंडू फेकणारा मागे उभा असतो, त्याच्या अंगावर समोरचे आडदांड धावून येतात, आणि त्यांना अडवायला पुढे पाच जण भिंतीसारखे असतात. त्या भिंतीतली एक वीट आपली. चार वर्षांत त्यानं चेंडूला एकदाही हात लावलेला नाही, तरी लोक म्हणतात छान खेळतो. येत्या शनिवारी-रविवारी मोठे पगारी संघ देशभरातली पोरं निवडणार आहेत. नाव पुकारलं गेलं तर त्याचं आयुष्य मार्गी लागेल, नाही तर गावी येऊन धान्याच्या कोठारात फावडं मारायचं. लहानपणापासून या पोरानं माझ्याकडे दुसऱ्या वाढीशिवाय काही मागितलं नाही. हे एकच त्याला मनापासून हवं आहे आणि नेमकं तेच त्याच्या आईच्या हातून निसटत चाललं आहे. म्हणून हे पत्र.

झालं असं. फेब्रुवारीत सगळ्या पोरांना इंडियानापोलिसला बोलावून मापं घेतली. वन्सं, नुसत्या चड्डीवर स्टेजवर उभं करतात, आणि समोर शे-दोनशे पुरुष वह्या घेऊन बसलेले! वजन घेतात, उंची घेतात, पंजा पसरून वीत मोजतात, आणि मग खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात. (आपल्याकडे गुरांच्या लिलावात कालवडीला निदान पाणी तरी दाखवतात.) भिंतीच्या कडेला उभं राहणाऱ्याचा हात तेहेतीस इंच हवा, असा त्या लोकांचा धर्मच आहे. तेहेतीस असला तर तो कडेचा, मानाचा. नसला तर आत सरकायचं, किंवा मुकाट्यानं घरी यायचं. आपल्या लुमिरचा भरला बत्तीस आणि सात सूत. इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक भाग कमी! सहा फूट पाच इंचांचा, मोटारीचं एक टोक उचलणारा मुलगा, आणि माझ्या शिवणाच्या सुईच्या जाडीएवढ्या कारणावरून त्याचं नाव यादीत पानभर खाली गेलं.

घरी कळलं तेव्हा ह्यांनी (म्हणजे तुमच्या धाकट्या भावानं) आधी टोपी फेकली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या माहेरचे हात! तुमच्याकडे सगळ्यांचेच आखूड. द्यायची वेळ आली की आणखी आखूड." मी म्हटलं, "अहो, तुमच्या घराण्याचे लांब आहेत ना, मग बिअरच्या ग्लासाच्या पुढे कधी का नाही पोहोचले?" दोन दिवस अबोला. त्यात बिचारा लुमिर मध्ये बसून म्हणतो, "भांडू नका, मी वाकून खेळेन."

मार्चमध्ये कॉलेजात पुन्हा मापं होणार होती, त्यामुळे मधल्या चार आठवड्यांत हात वाढवायचा घाट घातला गेला. ह्यांना कुणीतरी गुत्त्यात सांगितलं की लोंबकळल्यानं सांधे सैल होतात. झालं! गोठ्याच्या माळ्यावरच्या तुळईला लुमिर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, आणि खाली हे घड्याळ घेऊन. तुळई ह्यांच्या आजोबांनी गवताचे भारे चढवायला बसवलेली. तीनशे पौंडांचा पणतू त्यांच्या हिशेबात नव्हता. पाचव्या दिवशी ती मोडली. लुमिरला खरचटलंसुद्धा नाही, पण तो ज्यावर पडला ते कोंबड्यांचं खुराडं होतं. दोन कोंबड्या गेल्या, त्याही ईस्टरआधीच्या उपवासातल्या शुक्रवारी, म्हणजे त्या दिवशी मांस खाण्याचीही सोय नाही. रात्री बरण्यांत भरून ठेवल्या. मेल्यांना गुरुवारी मरायला काय झालं होतं!

आणि वजन! दोनशे अठ्ठ्याण्णव भरलं होतं, पारख्यांना तीनशेच्या वर हवं. (पारखी म्हणजे संघांतर्फे गावोगाव फिरून पोरं हेरणारे.) आता सांगा, चाळीस दिवस उपास चाललेला, मी स्वतः दिवसातून एकदा सूप-भाकरीवर, आणि चुलीवर एका माणसासाठी अठरा अंडी. मी फादर व्होंद्रांकडे जाऊन विचारलं की शुक्रवारी मुलाला मांसाची सूट मिळेल का. ते म्हणाले, सूट आजाऱ्यांना आणि गरोदर बायकांना. "लुमिर दोन्हीपैकी कुठे बसतो, अल्बिना?" मी म्हटलं, पोट पाहिलं तर दुसऱ्यात बसेल. हसले, पण सूट दिली नाही. मग शुक्रवारी शेवया, चीज आणि खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे. मी परातीच्या परात भाजत होते आणि पोटातली भूक देवाला वाहत होते. वास मात्र वाहता येत नाही, तो नाकातच राहतो. संत अँथनीला मेणबत्त्या लावल्या. तो हरवलेल्या वस्तू शोधून देतो. पण नंतर लक्षात आलं की ते सूत हरवलेलं नाही, मुळात आलेलंच नाही. तो तरी कुठून आणणार?

कॉलेजातल्या मापाला आम्ही दोघंही गेलो. मोजायला त्यांचा एक मालीशवाला होता, पोरांवर जीव असलेला. त्यानं टेप धरला, आणि वन्सं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, खांद्याच्या हाडावर न ठेवता पाऊण बोट मानेकडे सरकवून धरला, वर अंगठा दाबला. "तेहेतीस आणि दोन सूत!" टाळ्या. ह्यांनी टोपी पुन्हा फेकली, या खेपेला वर. शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मी टाळी वाजवली नाही. या मुलाच्या अंगाला दुकानातला शर्ट कधी झाला नाही. सहाव्या वर्षापासून त्याचे शर्ट मी शिवते, बाहीचं माप दरवर्षी वहीत आहे. त्या रात्री नव्या शर्टाच्या निमित्तानं पुन्हा घेतलं. बत्तीस आणि सात सूत. हात लोंबकळला, मी मेणबत्त्या लावल्या, कोंबड्या शहीद झाल्या, आणि हात जिथल्या तिथं.

मी फादरांकडे कबुली द्यायला गेले. ते म्हणाले, "टेप तू धरला होतास?" नाही. "मग पाप तुझं नाही. छपरावर चढून ओरडायचीही गरज नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस." त्या दिवसापासून माझी एकच प्रार्थना: देवा, मला कुणी विचारू नये.

गेल्या गुरुवारी फोन वाजला. हे ट्रॅक्टरचं सामान आणायला गेलेले. एका संघाचे हॅनिगन नावाचे म्हातारे पारखी. आवाज घोगरा, पण अदब होती. म्हणाले, "बाई, कॉलेजात तुमच्या मुलाच्या अंगावर एक चौकड्यांचा शर्ट होता. एवढ्या मोठ्या अंगाला खांदा इतका नीट बसलेला मी कधी पाहिला नाही. त्याला विचारलं कुणी शिवला, तर म्हणाला आईनं." मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "माझ्याकडे त्याच्या हाताची दोन मापं आहेत. दोन्ही पुरुषांनी घेतलेली. तुम्ही बाही किती धरता?"

वन्सं, भिंतीवर तारणाऱ्या प्रभूची तसबीर, तिच्याखाली फोन. जागाच अशी आहे! मी म्हटलं, "साहेब, शर्टाच्या बाहीत मी ढील ठेवते." "ढील सोडून सांगा." "धुतल्यावर कापड आटतं..." "बाई, कापड नको. हात सांगा." माझ्या जिभेवर तेहेतीस आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. आणि तोंडातून निघालं, "बत्तीस आणि सात सूत." पलीकडे पेन्सिल खरखरली. मग "उपकार झाले, बाई," एवढंच. फोन ठेवला. मी तिथंच खुर्चीवर बसले आणि चुलीवरच्या शेवया करपल्या. आयुष्यात प्रथमच करपल्या.

शनिवारी ह्यांनी लुमिरच्या दलालाला, म्हणजे त्याच्या वतीनं संघांशी बोलणाऱ्याला, फोन केला. तो म्हणाला, त्या संघाच्या वहीत हात आखूड लिहिलाय, "घरच्या माणसाकडून खात्री करून". तेव्हापासून आमच्या घरात घरभेद्याचा शोध चालू आहे. हे जेवणाच्या टेबलावर मूठ आपटतात, "दोन सूत देवानं दिली होती, ती कुणी परत केली?" लुमिर घरीच आहे. तो मोडलेलं खुराडं पुन्हा उभारतोय. काल मला म्हणाला, "आई, कोठारात कामाला लागलो तर रोज तुझ्या हातचं जेवण मिळेल." मला धीर द्यायला म्हणाला, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. (लगेच बंद केला, विहीर खाली गेली आहे.) खरं बोलणाऱ्याला आतून शांती मिळते असं आपण ऐकतो. मला अजून तरी छातीत फक्त जळजळ मिळाली आहे.

शनिवार जवळ येतोय. जपमाळेचे मणी झिजले. आपल्या लेकराला आठवणीत ठेवावं. दम्यासाठी मध आणि कांद्याचा रस घ्यावा, औषधाच्या दुकानात जाऊ नये.

आपली भावजय,
अल्बिना

ता. क. एक लिहायचं राहिलं, खरं म्हणजे त्यासाठीच कागद घेतला होता. काल ह्यांनी माझा रस्ता अडवून विचारलं, "तुला माहीत आहे! सांग, कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "जिला त्याच्या बाहीचं माप पाठ आहे आणि जी त्याच्यासाठी रोज देवाला आळवते, अशा एका बाईनं." यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही दर नाताळाला त्याला स्वेटर विणून पाठवता, हे ह्यांना त्याच क्षणी आठवलं, याला मी काय करू? ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "ल्युडमिला?" म्हणाले. मी हात पिठात घातले. हो म्हटलं नाही; आणि 'तूच का?' असं त्यांनी काही विचारलं नाही. आता निवड उरकली की मठात येऊन तुम्हाला जाब विचारणार आहेत. माझ्यावर रागावले तर नाताळपर्यंत पुरवून रागावतील. तुमच्यापुढे मात्र त्यांचा आवाज निघणार नाही, तुमचा झगा पाहिला की ते टोपी काढतात. तेव्हा आले तर तुम्ही फक्त गप्प राहावं. खोटं बोला असं मी तुम्हाला कसं सांगेन? मौन तर तुमच्या मठाचं व्रतच आहे.

ता. क. दुसरा, रविवार संध्याकाळ. फादर उद्या तुमच्याकडे येत आहेत, त्यांच्याच हाती द्यायचं म्हणून पत्र ठेवून दिलं होतं (तिकीट वाचलं). काल निवडीच्या तीन फेऱ्या झाल्या (एका फेरीत प्रत्येक संघ एकेक पोर उचलतो, अशा सात), नाव नाही. लुमिर दिवसभर काही जेवला नाही, यावरून समजा. आज चौथीही गेली. तो उठून खुराड्याला दार बसवायला गेला आणि फोन वाजला. पाचव्या फेरीत घेतला, वन्सं! हॅनिगनसाहेबांच्याच संघानं, कडेला नाही, आतल्या जागेवर, तिथं बत्तीस आणि सात सूत चालतात. फोन ह्यांनीच घेतला होता. साहेब म्हणाले, या पंधरवड्यात मी सहा घरी विचारलं, पाच घरी पोरांचे हात वाढले होते. ज्या घरात एक सूत लपवत नाहीत तिथं दुखरा गुडघाही लपवलेला नसणार, हे मी वरच्यांना पटवलं. हे ओक्साबोक्शी रडले, मला मिठी मारली आणि म्हणाले, "माझी बहीण! काय बाई आहे!" आता गुत्त्यात जाऊन ह्यांच्या घराण्याच्या सचोटीवर बोलताहेत. मंगळवारी अख्खी धुरावलेली हॅम आणि दोन डबे कोलाचे घेऊन तुमचे आभार मानायला येणार आहेत. कोलाचे अर्थात मीच भाजतेय.

हॅम जरूर ठेवून घ्यावी, चांगली मुरली आहे. पण वर मौनाबद्दल जे लिहिलं आहे ते आता मनावर घेऊ नये. हे आले की त्यांना खुर्चीत बसवावं आणि बाहीचं माप कुणी सांगितलं ते नाव घेऊन, नीट ऐकू जाईल असं सांगावं. देवाला वाहिलेल्या बाईनं सख्ख्या भावाला अंधारात ठेवावं, हे काही मला बरं दिसत नाही.