दोन घळी आणि एक कौल

मुलुंड पूर्व,
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

विमलावन्संना सुलक्षणाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तिकडे भातं उभी आहेत की आडवी झाली, कळवा. अक्षर ओळखलंत ना? तीन वर्षांनी लिहिते आहे म्हणून विचारलं. मी बरी आहे. सकाळी तासभर चालते, दुपारी वाचनालयातलं पुस्तक, संध्याकाळी शेजारची चंपा येते.

बातमी अशी की अनिरुद्ध मला परदेशी घेऊन चाललाय. ग्रीस देशाचं क्रीट नावाचं बेट आहे, तिथे. तो, सूनबाई श्रुतिका आणि मी. पाच ऑक्टोबरचं विमान. व्हिसाही आला. फोटोत मी चोर दिसते, तरी दिला.

तिथे डोंगर चिरत समुद्राकडे गेलेल्या घळी आहेत आणि माणसं हौसेनं त्यातून पायी उतरतात. आपण गुरं घेऊन ओढ्याच्या व्हाळातून जायचो तसंच, फक्त तिकीट काढून. श्रुतिका म्हणते, "मला नाही जमणार हं, मी वाळूत पडून राहणार." म्हणजे मी आणि अनिरुद्ध दोघंच. त्यानं दोन घळी काढल्यात आणि रोज सकाळी फोनवर एकच प्रश्न, "आई, कुठली? तू ठरव. तुझी ट्रिप आहे."

त्यानं इंग्रजी कागद छापून दिलेत. डिक्शनरी घेऊन वाचले. एक घळ इंब्रोस. आठ किलोमीटर, अडीच-तीन तास, खालून गाडी मिळते. दुसरी समारिया. सोळा किलोमीटर, सहा-सात तास. मध्ये एक ओसाड गाव लागतं, तिथली माणसं उठवून दुसरीकडे वसवली. पुढे दोन्ही बाजूचे कडे इतके जवळ येतात की मध्ये वाटेपुरतीच जागा. पाय मुरगळला तर खेचरावर घालून आणतात. आणि खाली पोचल्यावर रस्ताच नाही, फक्त समुद्र. बोट येईल तेव्हा सुटका.

चालण्याची भीती मला नाही. तुम्हाला माहीत आहे, लग्नाआधी मी डोक्यावर भारा घेऊन घाटी उतरायचे.

चंपा परवा हसत होती. म्हणाली, "अगं, एवढं काय डोकं खाजवतेस? तुम्ही कोकणातले ना? लाव गावाला फोन, घाल कौल. देवी सांगेल कुठली घळ ती!"

हातातला चहा सांडला. तिला वाटलं, कप गरम होता.

वन्सं, आता लिहितेच.

ह्यांचे रिपोर्ट आले, हृदयाच्या तीन नळ्या बंद, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. अनिरुद्ध तयार होता. हे म्हणाले, "विमलाला फोन कर. देवीला विचारू दे. ती हो म्हणाली तर झोपतो टेबलावर." मरोळच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, पण त्या बाबतीत लहान मुलासारखा. तुम्ही दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन देवीच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेतलात, कुठल्या बाजूची आधी पडते तो. फोन मी उचलला होता. तुमचा आवाज अजून कानात आहे. "सुलू, उजवो दिल्यान गो! घेवन जा तेका हॉस्पिटलात."

मी आतल्या खोलीत गेले आणि ह्यांना सांगितलं, "डावा पडला. देवी नको म्हणते."

का, ते तुम्हाला ठाऊक असेलही. माझा भाऊ राजाराम असाच चालत आत गेला होता आणि टेबलावरून उठला नाही. मला वाटलं, घरात आहेत तोवर आहेत. हे खूश झाले हो. म्हणाले, "बघ, देवीला कळतं." त्यांनाही मनातून जायचं नव्हतं. पण ते काही माझं समर्थन नाही. उजवा सांगितला असता तर गेले असते. अकरा महिने राहिले, गोळ्यांवर. ऑपरेशननं वाचलेच असते, असं कुठलाही डॉक्टर मला सांगत नाही. नसतेच वाचले, असंही सांगत नाही.

तेराव्याला तुम्ही आलात. अनिरुद्ध पंक्तीसमोर तुम्हाला बोलला, "आत्या, तुझ्या त्या पाकळ्यांनी माझा बाप खाल्ला. परत या घरात पाऊल टाकू नकोस." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी भाताचं भांडं धरून उभी होते. एक वाक्य बोलला असतात तर मी तिथेच संपले असते. तुम्ही पिशवी उचललीत आणि दुपारच्या गाडीनं गेलात.

तेव्हापासून मी या घरात आहे आणि नाही. परवा गुरुवारी ह्यांचं पान वाढलं. अनिरुद्धचा आता कशावर विश्वास नाही, तो नुसता जेवायला आला. जेवताना म्हणाला, "आई, तू तरी काय करणार होतीस? बाबांना वाचवायला निघालेले आपण दोघंच होतो. त्या लोकांनी तुला अडकवलं." आणि माझ्या पानात स्वतःच्या हातानं वडा वाढला. मी तो खाल्ला.

त्याच्या प्रेमातून निसटायला मला कुठे जागाच नाही, वन्सं. त्यानं दिलेलं प्रत्येक औषध, प्रत्येक शाल, हे विमानाचं तिकीट, सगळं, जिनं खोटं सांगितलंच नाही अशा आईला मिळतंय.

म्हणून मी समारिया ठरवली होती. खरं सांगते. विचार केला, तिथे फोन लागत नाही, मागे फिरता येत नाही. मधल्या त्या ओसाड गावात बसून सांगेन. रागावला तरी टाकून जाणार नाही, पाण्याची बाटली देईलच, बोटीपर्यंत बरोबर राहावंच लागेल.

काल भाजी निवडताना लक्षात आलं, मी पुन्हा तेच करतेय. ह्यांची वाट मी परस्पर बंद केली. आता पोराला दोन कड्यांमध्ये घालून सांगायचं, म्हणजे त्याला जायला दरवाजाच नको.

उद्या रविवारी तो येणार आहे. घळीचं उत्तर घ्यायला. घरात सांगेन, कडी न लावता. त्याला उठून जायचं असेल तर जाऊ दे. बेटावर मला न्यायचं की नाही, तेही तोच ठरवील.

हे पत्र आज कुरिअर करतेय. एकदा पावती हातात आली की उद्या माझी जीभ मागे फिरायला नको.

तो तुम्हाला फोन करील. आज नाही तर महिन्यानं. विचारील, "आत्या, कौल कुठला होता?" तुमचा स्वभाव मला माहीत आहे. भावाची बायको म्हणून तुम्ही अजूनही मला पाठीशी घालाल, "आठवत नाही रे बाबा" म्हणाल. तसं करू नका. मला वाचवू नका, वन्सं. उजवा होता म्हणून सांगा.

माफी मागायला मी समोर येईन. पत्रातून मागणार नाही.

तुमच्या घरावर डाग ठेवून गप्प बसलेली,
सुलक्षणा