खाप्याची पिढीजात तलवार

१४ सप्टेंबर, रविवार
कोजागिरीला सोसायटीचं नाटक. मागच्या वर्षी माझी थर्माकोलची तलवार पहिल्याच वाराला मोडली, अख्खं सक्करदरा हसलं आणि आमचा दिग्दर्शक जितेंद्र धावत जाऊन शेजारच्या सुशीलची घेऊन आला. यंदा तलवार माझीच. लाकडाची. वरून अशी गंजलेली दिसेल की हात लावणाऱ्याने धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

१८ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ७
फॉर्म्युला (गुप्त): काळा बेस. ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांना चंदेरी. खाचांत पातळ काळा. मग गंजासाठी गेरू आणि चहापत्ती.
गॅलरीत काम करत होतो. सुशील समोरच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालत होता. एक टॉवेल. अकरा मिनिटं.
उद्यापासून मोरीत.

२१ सप्टेंबर, रविवार
ताराने विचारलं, मोरीत काय करून राहिले जी? बायको झाली तरी ती आणि सुशीलची मिनल भाजीला एकत्र जातात. सांगून टाकलं, खरी तलवार आहे, खाप्याच्या मामांकडची, पिढीजात. ती म्हणाली, हलकी वाटते. देवाची शपथ घेतली. मास्टरस्ट्रोक.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
जिन्यात सुशील. म्हणाला, वार्निशचा एक हात मारजो गा मार्तंड, पोस्टर कलर पाण्यानं निघून जाते. पोस्टर कलर आहे हे याला कसं कळलं? वार्निशने चमक येते, चमक आली की गंज मेला. वर अर्धा डबा फुकट देत होता! नागपुरात फुकट फक्त ऊन मिळतं. घेतला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार
पूर्ण! मलाच हात लावायची भीती वाटते. उद्या संध्याकाळी जितेंद्र बघायला येणार. तोवर लपवायची कुठे? कपाटाची किल्ली ताराकडे. शेवटी देव्हाऱ्यामागे ठेवली. तिथे कोण शस्त्र शोधणार?
तारा चिंच भिजत घालत होती. कशाला ते विचारलं नाही. कमी बोललेलं बरं.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. साफ विसरलो होतो.
ऑफिसातून आलो तर पाटावर विळी, कात्री, पेचकस आणि शेवटी हळदकुंकू लावलेली एक पांढरीफटक फळी. मोरीत काळं पाणी, त्यात चहापत्ती.
तारा रडवेली झाली होती. म्हणाली, गंजलेलं शस्त्र देवापुढं कसं ठेवू जी? म्हणून चिंच अन् राखेनं घासलं. वजनाची शंका आली होती मले, पण तुम्ही देवाची शपथ घेतली ना.
दोन आठवडे मी सगळ्या बिल्डिंगवर संशय घेतला आणि घात केला तो माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या एकुलत्या एका माणसाने. लाज वाटली. तिला तसं म्हणालो नाही.
जितेंद्र आला. पूजेत आहे म्हणून फळीला नमस्कार केला आणि सुशीलकडे गेला.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी
सुशीलची तलवार विंगेत टेकवून ठेवली होती. आसपास कोणी नव्हतं. मसाला दुधात बोट बुडवून पात्यावर जोरात घासलं. तीनदा.
रंग निघाला नाही.