मनातली सभा

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
तुझ्या तोफखान्याचा सा. न.

तोफखाना बंद आहे. गळ्याच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाईल म्हणाले. आणि महिनाअखेरीस लाँड्री कामगारांची सभा! दिवसभर वाफेत उभं राहून इस्त्री करणाऱ्यांना आठवड्याची एक सुटी नाही, आणि त्यांच्या वतीने मालकासमोर बोलायचंय मला.

तुझ्या वहिनीशी पाटीवर लिहून भांडतो. ती उत्तर द्यायच्या आधीच पाटी पुसते. रिकामं बसणं म्हणजे जिवंतपणी भिंतीत चिणून घेणं! बरं एवढंच की डोकं चालू आहे. पडल्या पडल्या भाषण रचतो. सुरुवात अशी जमलीय की मालकाची बोलती बंद होईल.

लोभ असू दे. तो तरी बोलून मागावा लागत नाही.

मुका भाऊ

१४ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास अनेक आशीर्वाद.

गळा होता तसाच सुजलेला आहे, हे वहिनीकडून कळलं. तू लपवलंस. तू डोळे मिटून पडतोस तेव्हा कंठमणी वरखाली होतो आणि उजवा हात हवेत जातो, हे तिने डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मनात भाषण ठोकलं तरी गळा राबतोच. म्हणजे तोंडाला कुलूप आणि आत सभा चालूच!

माझ्या कारखान्यात कपाटाला पॉलिशचा हात मारला की मी खोली बंद करून निघून जाते. तरी एखादं गिऱ्हाईक वाळलं का बघायला हळूच बोट लावतंच. ठसा उमटतो, मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. तू ते गिऱ्हाईक आहेस.

विसावा ही भीक नाही, हक्क आहे, असं जन्मभर ओरडत आलास. मग स्वतःला एक दुपार देताना त्या मालकाहून कंजूष का? सभेला दुसरं कुणी उभं राहील. दुसरा आवाज कुठून आणशील? गॅलरीत बस आणि काही करू नकोस. काही म्हणजे काहीही नाही.

माया आहे तेवढीच आहे, रागही तेवढाच.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

माझंच वाक्य माझ्यावर उगारतेस! संतापाने जाऊन बसलो गॅलरीत. अंगाला मुंग्या आल्या. समोरच्या गच्चीवरची टाकी ठिबकते. ती कुणी दुरुस्त का करत नाही, यावरच आतल्या आत भाषण सुरू झालं. चोर धरावा तसा गळ्यावर हात ठेवून बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच.

काल टाकीखालच्या डबक्यात एक कावळा अंघोळीला आला. मी नुसता पाहत राहिलो. दुपार कधी सरली कळलंच नाही. वहिनी दारात आली आणि मी सहज विचारलं, चहा झाला का?

तिच्या हातातली पाटी पडली. स्वच्छ आवाज, ताई! मालकासाठी राखलेला पहिला शब्द चहावर गेला.

सूज उतरलीय. सभेत पाच मिनिटं, त्याआधी गप्प, असा हुकूम आहे. पण माझी ती सुरुवात काही केल्या आठवत नाही! ओरडावंसं वाटतं, तेही मना आहे.

आशीर्वादात हात आखडता घेऊ नकोस.

धाकटा

२८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

सभा झाली. सुरुवात आठवली नाहीच. उभा राहिलो आणि गॅलरीतलीच हकिगत सांगितली. माझ्यासारख्या बडबड्याचा गळासुद्धा स्वस्थ बसल्यावर बरा झाला. मग वाफेने भाजलेल्या हातांना एक दिवस नाकारणारे तुम्ही कोण, असं मालकाला विचारलं आणि खाली बसलो. मी भाषण वेळेत संपवलेलं वहिनीने पहिल्यांदाच पाहिलं म्हणे.

मालकाने कामाला चला म्हणून हाका मारल्या. इस्त्रीवाल्या बायका उठल्या नाहीत. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. इतकी वर्षं बोललो, पण असं जोरकस काही मला कधी बोलता आलं नाही.

मालक सोमवारी उत्तर देणार आहे. तोवर त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. तुझ्याशी खोटं कशाला? घडीघडीला करतो. मग गळ्यावर हात जातो, आणि उठून गॅलरीत जातो. कावळा यायची वेळ झालीय.

लोभ ठेव, आणि बोट लावून बघू नकोस.

तुझा भाऊ