राणीसाहेबांनी शिक्षा दिली

९ नोव्हेंबर
सातदरवाजात आज राणी आली! इतके दिवस सिंहासन रिकामं. सगळ्यांना चोर, हेर, वैद्य व्हायचंय, राज्य चालवायला कुणी तयार नाही. शेवटी शाहपूरच्या काकूला गळ घातली. आधी "मले नाही जमत बा", आणि मग पहिलीच पोस्ट अशी: राणी दरबारात येते, बसायच्या आधी सिंहासनावरची धूळ पदरानं पुसते आणि विचारते, इथे झाडू कोण मारतं? हसून हसून पोट दुखलं. को.नंसुद्धा (पुण्याचा अभिजित, आमचा कोतवाल) लाइकचा अंगठा दिला. तो सहसा कुणाला देत नाही.

१० नोव्हें.
आईनं विचारलं, दिवसभर फोनमध्ये काय चालतं तुझं. सांगितलं: फोरम आहे. सातदरवाजा नावाचं एक काल्पनिक शहर. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून लिहायचं, पुढच्यानं तिथून पुढे न्यायचं. लिहिलं ते घडलं, खोडाखोड नाही.
"म्हणजे फोनवरची रामलीला. मग पडदा कोण ओढतं?"
मी. पडदा मी, दिवे मी, भांडणं सोडवणारी मी. सर्व्हर तेवढा को.च्या हातात. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

१४ नोव्हें.
रेवतीनं आज तिच्या मैनाला दरबारात नेलं. (रेवती पेपर मिल कॉलनीतली, मैना विणकराची पोर.) मैनाला लिहाय-वाचायला शिकायचंय. राणी खूश: "पोरगी हुशार आहे. कोतवालजी, हिला शिक्षा द्या. काही कसर सोडू नका."
ऑफिसात डबा खाता खाता वाचलं. मस्त वाटलं. अंगठा दिला.

१५ नोव्हें.
अरे देवा. को.नं मैनाला तळघरात टाकलं! साखळदंड, उंदीर, सगळं. वर लिहिलंय किती सुंदर मेल्यानं.
आधी काही कळेचना. मग उजेड पडला. शिक्षा! आमच्याकडे, राज्याच्या सीमेपलीकडे, शाळा हिंदी, घर मराठी. काकूची शिक्षा म्हणजे शिक्षण, पुण्याची शिक्षा म्हणजे दंड. आणि ॲडमिनबाई, ज्यांना दोन्ही भाषा येतात, त्या काल अंगठा देऊन मोकळ्या.
काकूचा फोन: "मी तं पोरीले शाळेत धाड म्हटलं, अन् यानं तिले तळघरात टाकलं! पागल आहे का तो?"
मी हसत सुटले. मग काकूपण.

१६ नोव्हें.
हसणं संपलं. को. चर्चेच्या पानावर, सगळ्यांसमोर: "राणींची आज्ञा स्पष्ट होती. फोरम मराठी आहे, तर यापुढे प्रमाण मराठीतच लिहावं असा नियम करावा." खाली पुणे-नाशिकचे अंगठेच अंगठे.
रेवती: "और हम क्या चायनीज़ लिखते हैं?" (रागावली की हिंदीत जाते.) मग आमच्याकडचे सगळे तुटून पडले. पार शिमगा.
काकूनं हे वाचलं असणार. आज फोन नाही.

१८ नोव्हें.
शाहपूर. काकू केळीचे चिप्स तळत होती. ताटभर पुढे ठेवले, काकाची खबर, शेजारणीच्या सुनेची खबर, सातदरवाजाचं नाव नाही. शेवटी मीच काढलं.
"राहू दे सोनू. दुसरी कोणी राणी कर. घरी मराठी बोलतो आपण, तं मले वाटे, मले मराठी येते."
शाळा सगळी हिंदीत झालेली ही बाई, मराठी लिहायला लागली तीच मुळी आमच्या सातदरवाजात, आणि आठवडाभरात तिला सांगितलं की तुझं मराठी चालत नाही! राणी काय, कुणीही होईल. मला काकू हवीय.
येताना बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं न विचारता केळं दिलं. खाल्लं.

१९ नोव्हें.
को.ला लिहिलं: नियम होणार नाही. केलाच तर पहिली मी बाहेर.
पाठवलं आणि मग सुचलं. चिडून सर्व्हर बंद केला तर? सातदरवाजाचे सातही दरवाजे बंद, आणि मी

नको तो विचार. कणीक मळायला गेले.

२० नोव्हें.
रेवती, तुझे पाय कुठे आहेत! तळघरात मैना पहारेकऱ्याकडून कोळसा मागून घेते आणि त्यालाच विचारते, तुला येतो का रे 'अ'? त्याला येत नाही. दोघं मिळून भिंत काळी करतात.
को.चा फोन, पहिल्यांदाच. इतकं कडक लिहिणारा माणूस, आवाज अगदी पोरगेलासा. "मला खरंच माहीत नव्हतं हो. मला वाटलं राणी क्रूर आहे. आवडली होती मला."
म्हटलं, हे मला नका सांगू, काकूंना सांगा.
"त्या रागावतील."
"रागावतील. तरी सांगा."
नियमाचं मात्र सोडलेलं नाही. "त्याचं नंतर बघू." बघू म्हणे.

२२ नोव्हें.
लिहिलं बुवा त्यानं. कोतवाल रिकाम्या सिंहासनापुढे पागोटं ठेवतो: "महाराणी, आपलं बोलणं मला समजलं नाही. चूक माझी. मैना उद्यापासून शाळेत जाईल. आपण परत या."
काकूला पाठवलं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२३ नोव्हें.
रेवती आली होती. राजघाटावर बसलो. दोघी फोनकडेच बघत होतो, तापीकडे बघायला फुरसत कुणाला.

२४ नोव्हें.
ऑफिसात चहा घेत होते, तर काकूचा फोन. "सोनू, लिहिलं मी त्याले. एकदम इज्जतीनं लिहिलं. पाह्य बरं."
फोन कानाला तसाच, कॉम्प्युटरवर पान उघडलं. राणी सिंहासनावर! "कोतवालजी, पागोटं उचला. तुम्ही चांगले माणूस आहात. आजपासून तुमच्यासारखं मराठी बोलायची मी पूर्ण चेष्टा करीन."
चेष्टा.
हिंदीतली चेष्टा, म्हणजे प्रयत्न. काकू मनापासून प्रयत्न करणार आहे. आणि पुण्यात वाचणार, की राणी भरदरबारात कोतवालाच्या मराठीची टिंगल करणार आहे, तीही पूर्ण!
ॲडमिनला एक बटण असतं, कुणाचीही पोस्ट दुरुस्त करायचं. माउसचा बाण तिथवर नेला. एकच तर शब्द बदलायचा. काकूला कळणारही नाही.
"बराबर आहे ना?" काकू विचारत होती. आवाज इतका खुशीत, किती दिवसांनी ऐकला.
"एकदम बराबर, काकू."
माउसवरचं बोट काढून घेतलं. चहा गार झालाय. पोस्टच्या खाली दिसतंय, कोतवाल उत्तर लिहीत आहेत. हे सगळं लिहून होईपर्यंत, अजून लिहीतच आहेत.